प्लगमावशीची सही

प्लगमावशीला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते केंद्रातल्या झाडूवाल्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. शहराला पाणी पुरवणारं ते केंद्र. नदीचं गढूळ पाणी एका टोकानं आत घ्यायचं आणि दुसऱ्या टोकानं स्वच्छ करून सोडायचं. तिथल्या संगणकांची, फोनची, पंपांच्या मीटरची सगळी जोडणी मावशीच्या ताब्यात. एखादं यंत्र तिनं दुरुस्त केलं की ती लगेच "झालं" म्हणत नसे. आधी त्याचा प्लग ओढायची. समोरचा "अहो, अहो" म्हणेपर्यंत यंत्र बंद. मग कमरेवर हात ठेवून मनात आकडे मोजायची, प्लग परत लावायची, आणि यंत्र पुन्हा उठून कामाला लागेपर्यंत स्टुलावरून हलायची नाही. घाईतला माणूस तेवढ्या वेळात दातओठ खायचा. मावशीला त्याचं सोयरसुतक नसे.

हे खूळ नव्हतं. ही सगळी जोडणी स्विचमधून व्हायची, आणि स्विच म्हणजे इथं दिव्याचं बटण नव्हे. चपटी पेटी, पुढच्या बाजूला ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक वायर. कुठल्या वायरीनं कुणाशी बोलायचं आणि कुणाच्या वाटेला जायचं नाही, हे सगळं त्या पेटीला शिकवावं लागतं. शिकवलेलं ती लगेच ऐकते, पण वीज गेली की सगळं विसरते. म्हणून ते एका फाइलीत साठवून ठेवायचं. वीज आली की पेटी जागी होते, ती सुरुवातीची फाइल वाचते आणि तशी वागू लागते. अशा फाइली एकापेक्षा जास्त असू शकतात, आणि त्यांतली कोणती वाचायची तेही पेटीला वेगळं सांगून ठेवावं लागतं. थोडक्यात, आज पेटी सुतासारखी सरळ चालते यावरून उद्या ती कशी उठेल हे कळत नाही. ते कळायचा मावशीच्या लेखी एकच मार्ग होता. झोपवा आणि उठवून बघा.

मावशी मुळात टायपिस्ट. एकतिसाव्या वर्षी केंद्रात लागली ती पत्रं बडवायला. पहिला स्विच आला तेव्हा तो चार महिने खोक्यातच पडून होता, कारण सोबतचं जाडजूड पुस्तक वाचायला कुणाला सवड नव्हती. मावशीनं ते जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पुस्तक. तेव्हाचा अभियंता म्हणाला, "टायपिस्टबाई, तुम्हाला यातलं काय कळणार?" मावशी उठली. शिडी आणली, चढली आणि पहिली वायर स्वतः ओढली. घरी सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून छतातून वायरी काढते हो," आणि त्यात तक्रार किती आणि तोरा किती हे शेजारणींना शेवटपर्यंत उमगलं नाही. सव्वीस वर्षांत एकाचे एक्केचाळीस स्विच झाले. प्रत्येकाच्या फाइलीतली ओळन् ओळ मावशीनं लिहिलेली होती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ती इथंच, याच वायरींत काढायची असं तिनं ठरवून टाकलेलं होतं.

आणि मग वरून हुकूम आला की केंद्राची सगळी जोडणी आता बाहेरची एक कंपनी सांभाळणार. मावशीला कंपनीच्या यादीत घ्यायचं ठरलं होतं. माहीतगार माणूस हवाच होता. त्याआधी फक्त एक कागद पुरा व्हायचा होता. मुख्य अभियंता, ज्याला सगळे साहेब म्हणत, तो कागद घेऊन स्वतः तिच्या टेबलाशी आला. साहेब तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मनानं वाईट नाही, पण वरून फोन आला की खुर्चीतून अर्धा उठूनच बोलणारा. त्याच्यामागं लॅपटॉप छातीशी धरून कंपनीचा माणूस उभा होता.

"मावशी, इथं सही करा. चारपर्यंत पाठवायचंय."

मावशीनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "'सर्व एक्केचाळीस स्विचच्या सुरुवातीच्या फाइली मी प्रत्यक्ष तपासल्या असून त्या बरोबर आहेत.' मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे तुम्ही."

"मग मी नाही तपासल्या."

"अहो, यांनी परवा तपासल्या ना!" साहेबानं कंपनीच्या माणसाकडं बोट केलं. "चालू आहे ते आणि फाइलीत आहे ते, दोन्ही लॅपटॉपवर ताडून पाहिलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जुळतात."

"तेवढं तर मीही ताडलं. जुळतात."

"मग अडलंय कुठं?"

"उठताना नाही पाहिल्या. 'प्रत्यक्ष' लिहिलंय तुम्ही. 'प्रत्यक्ष' खोडा, 'लॅपटॉपवर' लिहा आणि सही यांची घ्या."

कंपनीचा माणूस खोकला. कंपनीला ते चालणार नव्हतं. जुन्या माणसाचीच सही हवी होती, म्हणजे पुढं काही बिनसलं तर बोट दाखवायला कुणीतरी असावं. हे सगळ्यांना कळत होतं.

साहेब खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणला. "मावशी, आज राहू दे, पण शुक्रवारपर्यंत सही नाही झाली तर हस्तांतर अडेल. मग मला तुमचं नाव यादीत नाही घालता येणार. मीटरच्या भांडारात एक जागा आहे, तिकडं जावं लागेल. मला ते नकोय. तुम्हालाही नको असणार."

मावशीला ते नकोच होतं. भांडार म्हणजे बिनखिडकीची लांब खोली, मांडण्यांवर हजारो जुने पाण्याचे मीटर, आणि दिवसभरात कुणी काही विचारायला येत नाही. तिथं गेलेली माणसं दोन महिन्यांत म्हातारी व्हायची. पण घाबरली की मावशी मऊ पडण्याऐवजी ताठ व्हायची, हा तिचा जन्माचा दोष. "आज सोमवार आहे," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत एक्केचाळीस होतात. एकेकाला चार मिनिटं. कामाच्या वेळात करीन."

"कामाच्या वेळात? लोक माझ्या डोक्यावर बसतील!"

"बसू देत. कुणी कामावर नसताना बंद करून उठवलं तर काय उठलं नाही ते सांगणार कोण? भिंती?"

"मी परवानगी देत नाही."

"प्रत्येक विभागाकडून मी स्वतः मागते. त्यांनी दिली तर तुम्ही आडवे येऊ नका."

साहेबानं हात वर केले. एकही विभाग परवानगी देणार नाही अशी त्याची खात्री होती.

त्या संध्याकाळी घरी बोलणं निघालं. नवरा बस चालवायचा. जेवता जेवता तो म्हणाला, "एक सही तर आहे. सगळं जुळतंय असं तूच सांगतेस. मग कशाला उगाच वाकड्यात शिरायचं?"

मावशी उत्तर देण्याआधी सासूबाईच कडाडल्या. "न बघता हो म्हणणारी असती तर लग्नाआधी तीनदा तुला भेटायला आली असती का? तिसऱ्यांदा तर तुझी बसही बघून गेली ती." नवऱ्यानं मान खाली घातली आणि पुढचा घास घेतला. मावशीला हसू आलं, पण झोप काही धड लागली नाही.

मंगळवारी सकाळी बाह्या सरसावून ती निघाली. प्रयोगशाळेतली रसायनवाली बाई सुरुवातीला अंगावरच आली. तिच्या नोंदी संगणकात जात होत्या. मावशीनं तिला कागद-पेन दिलं, "चार मिनिटं हातानं लिहा, अक्षर तरी सुधारेल," म्हणाली आणि प्लग ओढला. तक्रारींचे फोन घेणाऱ्या कारकुनानं मात्र तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले. चार मिनिटं फोन वाजला नाही, तो डोळे मिटून बसला. स्विच उठल्यावर म्हणाला, "मावशी, खात्री पटली का? अजून एकदोनदा बघा की नीट." फाटकावरच्या रखवालदारानं तर घड्याळ लावून वेळ मोजली आणि तीन मिनिटं पन्नास सेकंद हा निकाल येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. बुधवारपर्यंत लोक स्वतःच विचारू लागले, आमचा नंबर कधी.

कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन मागं मागं फिरत होता, कारण साहेबानं त्याला तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. प्रत्येक स्विच नीट उठला की तो म्हणायचा, "माझं सॉफ्टवेअर हेच सांगत होतं." मावशी वहीत खूण करायची आणि पुढं चालायची. तेविसाव्या स्विचनंतर त्यानं ते म्हणायचं सोडलं. तिसाव्यानंतर तो शिडी धरू लागला. गुरुवारी संध्याकाळी चाळीस स्विच झाले आणि चाळीसच्या चाळीस बरोबर निघाले.

राहिला एक. कंट्रोल रूमचा.

हा स्विच नऊ वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता. त्याला दोन बाजूंनी वीज होती, दोन प्लग. एक बाजू गेली तर दुसरी असायची. पंप, गाळणी, शहरातल्या पाच टाक्या, सगळ्यांची खबर याच पेटीतून मोठ्या पडद्यावर यायची. शुक्रवारी सकाळी मावशी तिथं पोचली तेव्हा साहेब दारातच उभा होता.

"हा नाही," तो म्हणाला. "चाळीस बरोबर निघाले. हाही बरोबरच असणार."

"मग कागदावर चाळीस लिहा. चाळीसांवर आत्ता सही करते."

"मावशी, तुम्हाला कळतंय ना हे काय आहे? शहराचं पाणी आहे!"

"म्हणूनच म्हणते."

साहेबानं मदतीसाठी आत पाहिलं. आत मिशीवाले बसले होते, केंद्रातले सर्वांत जुने पंपचालक. ज्यांच्या मिशीला सगळे टरकून असत ते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पंप काही थांबणार नाहीत, साहेब. पडदे जातील तेवढे. भिंतीवर काटे आहेत, टाक्यांवर माणसं आहेत, त्यांच्याकडं वॉकीटॉकी आहे. पडदे यायच्या आधी पंधरा वर्षं मी काट्यांवरच पाणी पाजलंय या गावाला." आणि त्यांनी उठून माणसं जागोजागी उभी केली. विभाग त्यांचा, परवानगी त्यांची. साहेब दारातून बाजूला झाला.

मावशीनं पहिला प्लग ओढला, मग दुसरा. मोठा पडदा काळा झाला. मावशीनं दहापर्यंत मोजलं आणि दोन्ही प्लग लावले. पेटीवरचे दिवे लुकलुकले, थांबले, पुन्हा लुकलुकले. चार मिनिटं कुणी कुणाकडं पाहिलं नाही. मग पडद्यावर एकेक चौकट उजळू लागली. पंप आले. गाळण्या आल्या. पहिली टाकी, दुसरी, तिसरी, चौथी.

पाचवी आली नाही.

आणखी एक मिनिट गेलं. पाचव्या टाकीची चौकट काळीच. मिशीवाल्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला; टाकीवरच्या माणसानं काट्यावरची पातळी वाचून सांगितली आणि ती फळ्यावर खडूनं लिहिली गेली. पाण्याला काही झालं नव्हतं. मावशी कळफलकाशी बसली आणि तिनं पेटीला विचारलं, उठताना कोणती फाइल वाचलीस?

उत्तर आलं. जुनी. चार टाक्यांची.

शेजारीच नवी फाइल होती, पाच टाक्यांची, पूर्ण, अचूक. पाचवी टाकी सुरू झाली त्या दिवशी मावशीनंच ती लिहिली होती, साठवली होती, वहीत नोंद केली होती. फक्त यापुढं हीच वाच, असं पेटीला सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी उद्घाटनाला पाहुणे होते, पडदा बंद करू नका असं बजावलेलं होतं, आणि आयुष्यात एकदाच मावशीनं प्लग ओढला नव्हता. पेटी चालू होती तोवर पाचही टाक्या दिसत होत्या. नऊ वर्षं.

कंपनीचा माणूस तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "पण फाइल तर जुळत होती," तो पुटपुटला. "मी ताडली होती."

"फाइल जुळत होती. पेटीला वाचायला सांगितलेली होती दुसरीच. तेवढं तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही नाही."

"हे कुणी केलं?" साहेबानं विचारलं.

"मी."

मावशीचे कान तापले. तिला लाज वाटली, अशी की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सव्वीस वर्षं ज्याला त्याला ज्यावरून सुनावलं, तेच तिच्या हातून राहिलं होतं, आणि तेही सगळ्या केंद्रातल्या सर्वांत मोठ्या पेटीवर.

"धन्य आहे!" साहेबाचा आवाज चढला. "चार दिवस सगळं केंद्र डोक्यावर घेतलंत, आणि शेवटी चूक निघाली ती तुमचीच!"

"हो," मावशी म्हणाली. तिची मान वर होती. "म्हणूनच सही करत नव्हते. माझ्यावरसुद्धा माझा विश्वास नाही, तर या लॅपटॉपवर कसा ठेवू?"

मिशीवाले सावकाश म्हणाले, "वादळात दोन्हीकडची वीज गेली असती, तर त्या धावपळीत पाचवी टाकी कुणाच्या ध्यानात आली असती, साहेब?" साहेबाचा पारा उतरला, आणि वरच्या फोनची आठवण त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागली.

"आधी ती टाकी पडद्यावर आणा," तो म्हणाला. "प्लग न ओढता."

तेही करता येत होतं. मावशीनं पाचव्या टाकीच्या ओळी हातानं पेटीला शिकवल्या, आणि यापुढं उठताना नवी फाइल वाच, हेही या वेळी सांगितलं. चौकट उजळली. पातळी फळ्यावरच्या आकड्याशी जुळली. साहेबानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि घडी केलेला कागद खिशातून काढला.

"झालं ना? आता सही करा आणि विषय मिटवा."

मावशीनं कागद टेबलावर सपाट केला, पेन काढलं आणि छापील मजकुराखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: चाळीस बरोबर निघाले. कंट्रोल रूमचा चुकीच्या फाइलीवर उठला. चूक माझी, नऊ वर्षांपूर्वीची.

साहेबानं ते उलटं वाचलं आणि त्याचा रंग उडाला. "हे कशाला लिहिता? वरचे विचारतील, नऊ वर्षं काय झोपला होतात? अहो, दुसरी कोरी प्रत आहे माझ्याकडं. त्यावर नुसती सही करा. इथं चौघांशिवाय कुणाला ठाऊक आहे? तुमचं नाव यादीत घालतो, आत्ता, तुमच्यासमोर फोन करतो."

मावशीनं कंपनीच्या माणसाकडं पाहिलं. त्यानं आपल्या बुटांकडं पाहिलं. मग तिला भांडार आठवलं, ती लांब खोली, ते मीटर. तीन वर्षं.

"कोरी प्रत ठेवा तुमच्यापाशीच," ती म्हणाली आणि उठून पेटीपाशी गेली. तिनं मिशीवाल्यांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि खडू हातात घेतला.

"आता काय?" साहेब ओरडला. "पाचवी टाकी दिसतेय की! ती बघा, दिसतेय!"

"नऊ वर्षं दिसतच होती," मावशी म्हणाली आणि तिनं दोन्ही प्लग ओढले.

पडदा काळा झाला. तिनं दहापर्यंत मोजलं. प्लग लावले. या वेळी तिनं स्टूल घेतलं नाही, उभीच राहिली. चार मिनिटं साहेब येरझाऱ्या घालत होता. कंपनीचा माणूस हातातला लॅपटॉप मिटून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. पंप आले. गाळण्या आल्या. एक, दोन, तीन, चार. आणि पाठोपाठ, कुणी बोट न लावता, पाच.

मावशी टेबलाशी परतली. आपल्या तीन वाक्यांखाली तिनं चौथं लिहिलं: दुरुस्त केला, बंद करून उठवून पाहिला, आता एक्केचाळीसही बरोबर. त्याखाली सही केली, पूर्ण नाव, गिरवून, आणि तारीख घातली. कागद साहेबाच्या हातात दिला.

"यादीचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "हे मी बघितलंय."